आधी ब्रेक, मग वेग

मोटारीच्या शर्यती म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर परदेश, श्रीमंत घरांतील मुले आणि टीव्हीवरची रंगीत दृश्ये येतात. आपल्या घराचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. गेली तीन वर्षे हा प्रश्न मला वस्तीतील जाणत्या माणसांनी, कार्यालयातील सहकाऱ्यांनी आणि खुद्द माझ्या थोरल्या बहिणीने विचारला आहे. कारण तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, टिटवाळ्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी मोटार शर्यतीच्या कामासाठी तयार करीत आहे आणि त्या कामाचा जमाखर्च माझ्या वहीत आहे.

मी कारकून माणूस. बी.कॉम. झाल्यापासून आकड्यांशी जडलेले नाते सुटले नाही. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. आयुष्य टिटवाळा-सी.एस.एम.टी. लोकलमध्ये उभ्याने गेले. पण खर्चाची वही हातात असली की माणसाला पुष्कळ गोष्टी विचाराव्या लागतात, आणि विचारता विचारता समजतात. जे समजले ते आपल्या घरांतील मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

प्रथम गाडीविषयी. मागे डिकीचा वेगळा पेटारा नसलेली, मागचा दरवाजा काचेसकट वर उघडणारी छोटी मोटार म्हणजे हॅचबॅक. बाजारहाट, मुलांची शाळा, दवाखाना यांसाठी केलेली ही संसारी गाडी. १९७६ साली जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने आपल्या ‘गोल्फ’ या संसारी गाडीत १.६ लिटरचे, ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवून ती ‘जी.टी.आय.’ या नावाने विक्रीस काढली. वजन आठशे किलोंच्या आसपास आणि अंगात एवढी ताकद, त्यामुळे ही छोटी गाडी मोठमोठ्या गाड्यांच्या बरोबरीने पळू लागली. पुढे १९८४ साली फ्रान्सच्या प्यूजोची ‘२०५ जी.टी.आय.’ आली. अशा गाड्यांना ‘हॉट हॅच’ हे नाव पडले. आठवडाभर संसार आणि रविवारी शर्यत, असा दुहेरी कारभार करणारी ही गाडी सामान्य पगारदाराच्या आवाक्यात होती, हे तिचे खरे महत्त्व.

हे सारे परके वाटत असेल तर आपल्या पायाखालची जमीन पाहावी. १९९० च्या दशकात प्रीमियर आणि प्यूजो यांच्या संयुक्त कंपनीने ‘३०९’ ही हॅचबॅक आपल्या कल्याणच्या कारखान्यात तयार केली. युरोपात याच ३०९ ची जी.टी.आय. आवृत्ती वेगासाठी नावाजलेली होती. आपल्याकडे साधी पेट्रोल आणि डिझेल गाडी आली आणि १९९७ साली तो उद्योग संपला. त्यानंतर २००१ साली फियाटची ‘पॅलिओ’ आली, ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होते, हे अनेकांना आठवत असेल. तिची १.६ लिटरची, १०० अश्वशक्तीची आवृत्ती त्या काळी आपल्या रस्त्यांवरची खरीखुरी हॉट हॅच होती. पुढे २०१३ साली चाकणच्या कारखान्यातून १०५ अश्वशक्तीची ‘पोलो जी.टी.’, २०१५ साली रांजणगावातून १४५ अश्वशक्तीची ‘अबार्थ पुंटो’ आणि २०२४ साली टाटांची १२० अश्वशक्तीची ‘अल्ट्रोझ रेसर’ बाहेर पडली. म्हणजे या गाड्या आपल्याच रेल्वेमार्गावर आणि आपल्याच घाटांच्या पलीकडे, आपल्याच माणसांच्या हातांनी बनत आल्या आहेत.

ते हात आमच्या घरातही होते. माझे दाजी कुर्ल्याच्या त्या कारखान्यात फिटर होते. टिटवाळ्याहून पहाटेची लोकल पकडून जायचे, तेलकट डबा घेऊन रात्री परत यायचे. ते गेले तेव्हा भाचा अकरा वर्षांचा होता. दहावीनंतर त्याने आय.टी.आय. केले आणि कल्याणच्या एका गॅरेजमध्ये लागला. २०२२ साली एके संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, “मामा, २००३ ची पॅलिओ मिळतेय, एक पॉइंट सहा. बंद पडून आहे. पासष्ट हजार सांगतोय.” ताईने विचारले, “ती घेऊन काय करणार?” तो म्हणाला, “बाबांच्या कारखान्यातली आहे.” आणि थोडे थांबून म्हणाला, “ट्रॅकवर चालवणार.”

दाजींचा हात नेमका त्याच गाडीला लागला असेल की नाही, कोण सांगणार! पण ताई त्या रात्री पुढे काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ती बोलली. तिचे भय पैशाचे नव्हते, माळशेज घाटाचे होते. टिटवाळ्याहून गोवेलीला निघाले की कल्याण-मुरबाडचा रस्ता लागतो आणि तोच पुढे माळशेज चढून जातो. आमच्याकडची काही तरुण पोरे रात्री दोन वाजता रस्ता मोकळा असतो म्हणून त्या घाटात गाड्या पळवतात. भाच्यालाही बोलावणे येत असे. ताईने त्याला समोर बसवले आणि म्हणाली, “त्या रस्त्याने रात्री काय येतं माहीत आहे ना? ओतूर-जुन्नरकडची भाजी कल्याणच्या बाजाराला येते. टेम्पो चालवणारा दिवसभराचा थकलेला असतो. तोही कुणाचा तरी बाप आहे. तुझा बाप नाही म्हणून दुसऱ्याच्या पोराचा बाप न्यायचा नाही.” मी तिथेच होतो. भाच्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

घाटात गाडी पळवणे आणि घाटचढीची स्पर्धा या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो मी नंतर वाचून आणि विचारून समजून घेतला. घाटचढीच्या स्पर्धेत, म्हणजे ‘हिल क्लाइंब’मध्ये, रस्ता वाहतुकीला पूर्ण बंद असतो. एका वेळी एकच गाडी सोडतात. शेजारी कोणी प्रतिस्पर्धी नसतो, झगडा केवळ घड्याळाशी. वळणावळणाला झेंडे घेतलेली माणसे, खाली रुग्णवाहिका, अग्निशमनाची सोय. इंग्लंडमधील शेल्सली वॉल्श येथे १९०५ पासून अशी स्पर्धा होते. तो चढ अवघा एक हजार यार्डांचा, म्हणजे किलोमीटरपेक्षाही कमी. उलट अमेरिकेतील पाइक्स पीक येथे १९१६ पासून होणारी स्पर्धा जवळजवळ वीस किलोमीटरची, १५६ वळणांची आणि ४,३०२ मीटर उंचीवर संपणारी आहे. तिथे वर जाता जाता हवा इतकी विरळ होते की साध्या इंजिनाची ताकद बरीच घटते. हवा दाबून भरणारा टर्बो तिथे खरा कामाला येतो.

‘ट्रॅक डे’ म्हणजे बंदिस्त धावपट्टीवर फी भरून, आपली गाडी आणून, देखरेखीखाली चालवण्याचा दिवस. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. आपला आधीचा वेळ आणि आपला आताचा वेळ, एवढीच तुलना. आपल्या देशात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे येथे अशा धावपट्ट्या आहेत. उत्तर प्रदेशात ग्रेटर नोएडाला २०११ साली सुरू झालेली सुमारे पाच किलोमीटरची धावपट्टी ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’ या नावाने ओळखली जाते. तो गौतम बुद्ध नगर जिल्हा १९९७ साली मायावती मुख्यमंत्री असताना स्थापन झाला. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत तिथे झाली. भाच्याच्या शेडमध्ये त्या धावपट्टीचा नकाशा भिंतीवर चिकटवलेला आहे.

कायदाही मी पाहून ठेवला. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८९ सांगते की राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा मूलभूत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. तिसरी गोष्ट विम्याची. खाजगी मोटारीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नाही, असे स्पष्ट छापलेले असते. आपण पॉलिसीचा पहिला कागद पाहतो, हप्ता भरतो आणि मागचे बारीक अक्षर सोडून देतो. माझा धंदाच बारीक अक्षर वाचण्याचा, म्हणून मी ते मोठ्याने वाचून दाखवले.

मग आमच्या घरात एक करार झाला. कागदावर नाही, पण कागदावरच्याइतकाच पक्का. रात्रीचा घाट कायमचा बंद. ताईच्या ठेवीला आणि दाजींच्या फंडाच्या पैशाला हात लावायचा नाही. गॅरेजच्या पगारातून घरखर्चाचा वाटा आधी द्यायचा, उरेल त्यातून गाडी. आणि खर्चाचा क्रम मामा ठरवणार. त्यावर भाचा हसून म्हणाला, “मामा, तुम्हाला गिअर कुठला ते माहीत नाही.” मी म्हणालो, “म्हणूनच. मला जे समजावून देता येणार नाही, त्याला पैसे सुटणार नाहीत.”

पोरांना वाटते गाडी वेगवान करायची म्हणजे इंजिन वाढवायचे, सायलेन्सर बदलायचा, आवाज काढायचा. भाच्याने मला समजावताना स्वतःच क्रम उलटा लावला. पहिले काम ब्रेकचे निघाले.

त्यामागचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. माणसासह गाडीचे वजन ११०० किलो धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगातून ती थांबवताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते, तिच्यावर जवळजवळ दीड लिटर पाणी आपल्या घरातील तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. वेग १४० केला तर तीच ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. वेग दीडपटदेखील वाढलेला नाही, पण बोजा दुप्पट! ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे शाळेत पाठ केले होते. आता पातेल्यातील पाणी डोळ्यांसमोर आणले की ते कळते. रस्त्यावर आपण असा ब्रेक क्वचित मारतो. धावपट्टीवर तो प्रत्येक फेरीत अनेकदा मारावा लागतो आणि मधे थंड व्हायला वेळ नसतो.

ब्रेकच्या नळ्यांत जे तेल असते ते हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. तेच तेल ओलावा खाऊन जुने झाले की हा आकडा १५५ वर येतो. आमच्याकडे काळू नदीच्या काठी चार महिने भिंतींना पाणी सुटते, तिथे तेलाचे काय होत असेल? तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय तळाला टेकला तरी ब्रेक लागत नाही. दमट मुलखात ब्रेकचे तेल वेळेवर बदलावे, हा धडा शर्यतवाल्यांपेक्षा आपल्या रिक्षा आणि टेम्पोवाल्यांना अधिक लागू आहे. नवे तेल, नव्या रबरी नळ्या, उष्णता सोसणारे पॅड असे मिळून १४,२०० रुपये वहीत पडले.

दुसरे टायर. पॅलिओची पुढची चाके गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मुख्य भारही तीच घेतात. एका कारकुनाच्या अंगावर तीन टेबलांचे काम टाकावे तसे हे. तिन्ही एकदम मागितले की तो हात वर करतो आणि गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. म्हणून चालवणाऱ्याने आधी सरळ रेषेत ब्रेक, मग वळण, मग वेग, असे एकेक काम द्यायचे असते. टायर चांगल्या प्रतीचे घेतले, २२,००० गेले. हवेचा दाब थंड असताना ३२ भरला, तर चार फेऱ्यांनंतर तो पाच-सहाने वाढतो. म्हणून दाब गरम टायरवर मोजून ठरवायचा. टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारायच्या आणि फेरी मारून आल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली ते पाहायचे. पार कडेपर्यंत पुसली तर दाब कमी आहे. हा खडू आमच्या अभ्यासिकेतला. वहीत त्याचा खर्च नाही.

तिसरे म्हणजे वीस वर्षांच्या गाडीचे म्हातारपण. पाण्याचे पाइप, टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, रेडिएटरचा पंखा. ११,५०० रुपये. यात वेग एक पैशाचा वाढला नाही, पण हे न करता पळवली असती तर इंजिन पहिल्याच दिवशी बसले असते.

चौथे, माणसाचे रक्षण. धरून ठेवणारी सीट, चार जागी बांधणारा पट्टा आणि मोटारशर्यतीचे हेल्मेट. दुचाकीचे हेल्मेट वेगळे. मोटारशर्यतीच्या ‘स्नेल एस.ए.’ प्रतीच्या हेल्मेटचे अस्तर आगीला दाद न देणारे असते. ३१,००० रुपये. हा आकडा लिहिताना ताई शेजारी होती. म्हणाली, “याच्यात घासाघीस करू नका.”

पाचवे, स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर. वळणावर गाडी बाहेर कलते आणि टायरची बाहेरची कड तेवढी रस्त्यावर राहते. ते टाळण्यासाठी पुढच्या चाकांच्या वरच्या कडा किंचित आत झुकवतात, त्याला कॅम्बर म्हणतात. भाच्याला दीड अंश हवा होता. मोठ्या गॅरेजात यासाठी यंत्र असते. आमच्या शेडमध्ये शेजारचे गवंडीकाका ओळंबा घेऊन आले. चाकाच्या रिमपुढे ओळंबा सोडला, वर आणि खाली पट्टीने अंतर मोजले. १४ इंची रिमवर दीड अंश म्हणजे सुमारे ९ मिलीमीटरचा फरक. चाके समोर नीट पाहतात की नाही हे गाडीच्या दोन्ही बाजूंना सुतळी ताणून तपासले. गवंडीकाका म्हणाले, “भिंत सरळ असावी म्हणून आयुष्य गेलं, आता तिरकी मोजायला लावता काय रे?” या खात्यावर ३८,००० पडले. यंत्रावर नंतर तपासले तेव्हा काकांचा ओळंबा खरा निघाला.

वजन कमी करण्याला मात्र काही पडले नाही. मागची सीट, जादा चाक, जॅक, पायपुसण्या, मागचा फळा हे सारे काढून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले, ५८ किलो भरले. वजन कमी झाले की गाडी पळतेही चांगली, थांबतेही चांगली, वळतेही चांगली. एकाच खर्चात तीन फायदे, आणि खर्चही शून्य. दिवस संपला की सारे पुन्हा जागेवर बसते.

इंजिनाच्या रकान्यात आजही शून्य आहे. गाडीचे ६५,००० धरून एकूण १,८१,७०० रुपये, तेही अडीच वर्षांत, महिन्याच्या महिन्याला. मधे एकदा धाकट्या भाचीच्या कॉलेजची फी आली तेव्हा चार महिने वहीत एकही नोंद नाही. भाच्याने कुरकुर केली नाही, याची मात्र माझ्या मनात नोंद आहे.

गेल्या हिवाळ्यात पुणे जिल्ह्यातील एका धावपट्टीवर पहिला ट्रॅक डे झाला. गाडी ओळखीच्या टोइंग टेम्पोवर चढवली. ताई, मी, भाचा आणि गवंडीकाका असे चौघे गेलो. तिथे पोचल्यावर तपासणीच्या टेबलावरील एका गृहस्थाने भाच्याच्या निळ्या कपड्यांकडे आणि काळ्या नखांकडे पाहिले आणि म्हणाला, “मेकॅनिकने बाजूला थांबा. ड्रायव्हरला पाठवा.” माझ्या कानशिलांवर रक्त चढले. तीस वर्षे सामाजिक कामात आहे, असे वाक्य कुठून येते ते मला ठाऊक आहे. मी काही बोलण्याआधी भाचा शांतपणे म्हणाला, “दोन्ही मीच आहे, सर.” आणि लायसन पुढे ठेवले. त्या गृहस्थाने गाडी तपासली. पट्टा ओढून पाहिला, ब्रेकच्या तेलाची बाटली कधी फोडली ते विचारले, चाकाचे नट पाहिले. शेवटी म्हणाला, “तयारी व्यवस्थित आहे.” त्याने माफी मागितली नाही, पण पुढे दिवसभर तो भाच्याला नावाने हाक मारीत होता.

पहिल्या सत्रात सगळ्या गाड्या त्याला मागे टाकून गेल्या. ताई कठड्याला धरून उभी होती. मला वाटले पोरगा चिडेल आणि दामटील. तो चिडला नाही. आला, दाब मोजला, खडूची रेघ पाहिली, चार आकडे माझ्या वहीत लिहून घेतले. दुसऱ्या सत्रात चौथ्या फेरीला त्याने गाडी अचानक हळू केली, हात बाहेर काढून मागच्यांना वाट दिली, एक पूर्ण फेरी ब्रेक न दाबता सावकाश फिरवली आणि आत आणली. काय झाले म्हणून धावत गेलो. म्हणाला, “पेडल थोडं लांब गेलं मामा. तेल तापलंय.” अर्धे सत्र उरले होते, भरलेल्या फीचे अर्धे सत्र! तो झाडाखाली बसला आणि ताईच्या डब्यातील भाकरी खाल्ली. शेवटच्या सत्राला पुन्हा उतरला. सकाळच्या पहिल्या मोजलेल्या फेरीपेक्षा त्याची शेवटची फेरी सात सेकंदांनी कमी भरली.

परतताना टेम्पोत ताई म्हणाली, “त्याचा तो सात सेकंदांचा हिशेब मला कळत नाही. पण पोरगा स्वतःहून थांबला, ते मी पाहिलं.”

आता वस्तीतील जाणत्या माणसांच्या प्रश्नाकडे येतो. “हे श्रीमंतांचे चोचले. आपल्या पोरांनी स्पर्धा परीक्षेला बसावे,” असे मला सांगण्यात आले. अभ्यासिका मी स्वतः चालवतो, परीक्षेचे महत्त्व मला कोणी सांगायला नको. पण आपल्या वस्त्यांतील किती मुले आज गॅरेजमध्ये गाडीखाली झोपलेली आहेत, ते मोजा. गाडीखाली आपला मुलगा आणि गाडीच्या चाकावर दुसऱ्याचा, ही वाटणी कोणत्या ग्रंथात लिहिली आहे? १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा हा छंद मूठभरांचा होता, हे खरे. पण छंद मूठभरांचा राहिला म्हणून ज्ञानही मूठभरांचेच राहावे असे नाही. ऊर्जा, उष्णता, घर्षण, कोन, वजन, कायदा, विमा, हिशेब आणि संयम, एवढे विषय या एका गाडीने आमच्या शेडमध्ये आणले. दर महिन्याच्या एका रविवारी अभ्यासिकेतील नववी-दहावीची मुलेमुली तिथे येतात आणि भाचा त्यांना ब्रेक उघडून दाखवतो. मागच्या वेळी एका मुलीने विचारले, “दादा, वेग दुप्पट केला तर थांबायला अंतर किती लागेल?” त्याने खडू तिच्या हातात दिला. तिने फरशीवर मांडून चौपट काढले. माळशेजच्या वळणावर हे उत्तर पाठ असलेले पोर सहजासहजी मरणार नाही आणि कोणाला मारणारही नाही, असे मला वाटते.

घाटचढीची रीतसर स्पर्धा हे भाच्याचे पुढचे स्वप्न आहे. त्यासाठी राष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे एफ.एम.एस.सी.आय.चे स्पर्धा लायसन लागेल, गटाच्या नियमाप्रमाणे लोखंडी पिंजरा बसवावा लागेल, आणि त्या पिंजऱ्याचा खर्च वहीत मावेल तेव्हाच ते होईल. मी त्याला घाई करीत नाही. ताईही आता करू नको म्हणत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात असा छंद डोके वर काढू लागला तर तो एकदम दडपू नका आणि आंधळेपणाने पैसाही देऊ नका. मुलाला तीन गोष्टी विचारा. कुठे चालवणार, थांबणार कसा, आणि हिशेब कोण ठेवणार? पहिल्याचे उत्तर रस्ता असे आले तर तिथेच नाही म्हणा. दुसऱ्याचे उत्तर त्याने हाताने उघडून दाखवले पाहिजे. तिसऱ्यासाठी घरातला एखादा मामा, काका किंवा आई वही घेऊन बसली पाहिजे. पोराच्या वेगाला आपण घाबरतो ते त्याच्यापासून दूर उभे राहून. जवळ बसून बघा, आपल्यालाही काही शिकायला मिळेल.